चहाविधीचे शिक्षण : ‘चानोयू’तील परवानगी, ऋतू आणि आपले सत्र

प्रस्तावना

अंबडच्या औद्योगिक वसाहतीलगत एका सभागृहात झालेल्या जपानी चहाविधीच्या एकदिवसीय कार्यशाळेस प्रस्तुत लेखिका उपस्थित होती. महिना मे होता. मंचावर कागदी चेरीची फुले होती आणि खिडकीबाहेर बहावा फुलला होता. सायंकाळपर्यंत सर्वांनी हिरवा चहा घुसळला, तो प्यायला आणि सर्वांना प्रमाणपत्रेही मिळाली. आयोजकांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्या कलेचा परिचय करून द्यायचा होता, तिच्या दोन मूलभूत गोष्टी त्या दिवशी सभागृहाबाहेरच राहिल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाविद्यालये विविध कलाकौशल्ये श्रेयांकांच्या चौकटीत बसवीत असताना त्या दोन गोष्टींचा विचार करणे अगत्याचे वाटते. प्रस्तुत लेखात हा प्रयत्न केला आहे.

परंपरा आणि परवानगी

झेन भिक्षू एइसाई याने बाराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधून चहाचे बी जपानमध्ये आणले आणि १२११ मध्ये चहाच्या गुणांवर ग्रंथ लिहिला, असे मानले जाते. पुढे मुराता जुको, ताकेनो जोओ आणि साकाई येथील व्यापारी कुळातील सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांनी चहापानाला साधेपणाची शिस्त दिली. तीच ‘चानोयू’ होय. रिक्यूच्या वंशजांची उरासेन्के, ओमोतेसेन्के आणि मुशाकोजिसेन्के ही तीन घराणी आजही क्योतोत आहेत. ‘घराणे’ हा शब्द येथे सहेतुक वापरला आहे. वंशपरंपरेने येणारा प्रमुख, शिष्यपरंपरा, हातवाऱ्यांतील सूक्ष्म भेद आणि त्यांचा अभिमान या बाबतींत आपल्या गायकीच्या घराण्यांशी त्यांचे साम्य सहज लक्षात येते.

शिक्षणाचा प्रारंभ चहाने होत नाही. रेशमी रुमालाची घडी घालणे, गवती चटईवर पावले टाकणे, वाकून नमस्कार करणे, वेळूची पळी धरणे हे सुटे सुटे भाग आधी घोटून घेतले जातात. वरच्या पायरीवरील काही विधी तर लिहून ठेवण्याचीही मुभा नसते. ते गुरूसमोर पाहून आणि करूनच शिकायचे. उरासेन्के घराण्यात प्रत्येक पायरीवर ‘क्योजो’ नावाचे पत्र मिळते. बाहेरचा माणूस त्याला प्रमाणपत्र समजतो. वस्तुतः ती पुढचा विधी शिकण्याची अनुज्ञा असते. काय येते याचा तो दाखला नव्हे. आता काय शिकता येईल एवढेच तो सांगतो. पहिल्या पायरीचे नाव ‘न्यूमोन’, म्हणजे दारातून आत येणे.

विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन करून घराण्यातील विद्या वर्गात आणली. त्यांचा अखेरचा काळ नाशिकच्या रामनाम आधाराश्रमाशी निगडित आहे. त्यांच्या परंपरेतील परीक्षांमध्ये ‘प्रवेशिका’ हे नाव आजही आहे. शब्द ‘न्यूमोन’चाच, पण आपल्याकडे प्रवेशिका ‘उत्तीर्ण’ होतात! लेखिकेची स्वतःची एम.फिल. पदवी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने बंद झाली. पूर्ण झालेल्या शिक्षणाचा कागद म्हणजे काय, हा प्रश्न त्यामुळे तिला जरा जवळचा वाटतो.

वर्षाचे दोन भाग

चानोयूत वर्ष दुभंगलेले असते. नोव्हेंबर ते एप्रिल चटईखालील चौकोनी खळग्यात विस्तव असतो. त्याला ‘रो’ म्हणतात. मे ते ऑक्टोबर ‘फुरो’ ही सुटी शेगडी पाहुण्यांपासून दूर ठेवली जाते. हा बदल केवळ शेगडीचा नाही. यजमानाची बैठक, पाण्याच्या भांड्याची जागा, पळी ठेवण्याची रीत, सारेच बदलते. सहा महिन्यांत हाताला वळण लागते न लागते तोच ते मोडावे लागते आणि पुढच्या वर्षी पुन्हा आठवावे लागते. ऐन उन्हाळ्यात चहा लवकर निवावा म्हणून उथळ, पसरट वाडगा घेतात. कडाक्याच्या थंडीत ऊब टिकावी म्हणून उभा, खोल. जूनअखेरीचे ‘मिनाझुकी’ हे त्रिकोणी पक्वान्न बर्फाच्या तुकड्याची आठवण करून देते. ऑक्टोबरमध्ये गतवर्षीचा चहा सरत आलेला असतो, तेव्हा सांधलेली, जुनी भांडी मुद्दाम काढली जातात. नोव्हेंबरात नव्या चहाची बरणी उघडते.

आपल्या सत्रपद्धतीत एका सत्राचा विद्यार्थी यांपैकी फार तर एक अर्धा भाग पाहील. रो आणि फुरो यांच्यातील संक्रमणच त्याच्या वाट्याला येणार नाही. म्हणून या कलेचा अभ्यासक्रम आखायचा तर तो सलग दोन सत्रांहून कमी असू नये, असे लेखिकेचे स्पष्ट मत आहे.

अंबडचा ऋतू

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. अंबडमध्ये कोणाचा ऋतू पाळायचा? येथून जवळच त्रिरश्मी डोंगरावर पांडवलेणी आहेत. तेथील उषवदाताच्या शिलालेखात वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण देण्याची तरतूद कोरलेली आहे. हाच वर्षावास जपानी झेन मठांत ‘आंगो’ या नावाने पोहोचला आणि तेथील हवामानानुसार त्याचे महिने निराळे झाले. नियम प्रवास करतो तेव्हा ऋतू स्थानिकच घ्यावा लागतो, याचे हे जुने उदाहरण होय.

चहागृहातील पुष्परचनेला ‘चाबाना’ म्हणतात. इकेबानाच्या इतर शैलींच्या तुलनेत ती अगदी मितभाषी असते. रानात जसे उगवते तसे एखाद-दुसरे फूल. रिक्यूने हिदेयोशीच्या भेटीपूर्वी बागेतील आसागाओची, म्हणजे सकाळी उमलून लवकर मिटणाऱ्या निळ्या वेलीची, सारी फुले खुडून आत एकच ठेवले, अशी आख्यायिका आहे. कागदी फुलांना येथे जागा नाही, आणि मे महिन्यातील चेरीला तर नाहीच.

आपल्याकडील चैत्रगौरीचे हळदीकुंकू हे याचे सर्वांत जवळचे नाते. आरास, चैत्रांगण, कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे, यांत ऋतूच यजमान असतो आणि हे सारे मुली आईच्या हाताखाली, कोणत्याही श्रेयांकाविना शिकतात. परंतु साम्य फार ताणू नये. आपल्या समारंभात अत्तर, गुलाबपाणी आणि मोगरा हवाच. चहागृहात तीव्र गंधाचे फूल वर्ज्य, कारण धूप आणि चहा यांच्या वासाशी त्याचा कलह होतो. म्हणजे मोगरा, सोनचाफा, निशिगंध ही आपली लाडकी मंडळी बाद.

भाद्रपदात मात्र गौरींसोबत येणारा तेरडा आहे. त्याला गंध जवळजवळ नाही. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ हे आपण दूषण म्हणून वापरतो; चाबानात अल्पायुष्य ही पात्रताच ठरते. जूनमध्ये वर्ग सुरू झाला, तर विद्यार्थ्यांच्या हाताला रुमालाची घडी आणि फुरोची ओळख होईपर्यंत बांधावर तेरडा आलेला असेल. त्याची एक काडी बांबूच्या नळीत लावायला तेवढी तयारी पुरेशी आहे.