साठ वर्षांची उमेदवारी

वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, शहराची वेस अद्याप दूर असतानाच, जामठ्याचे क्रिकेटचे मैदान लागते. २००८ साली तेथे पहिला कसोटी सामना झाला, आणि आमच्या जिल्ह्याच्या हद्दीत ते येत नसले तरी सेलू-हिंगणघाटकडच्या क्रिकेटवेड्यांनी त्यावर आपली मालकी केव्हाच नोंदवून टाकली आहे. मैदान असे प्रशस्त. परंतु ज्या संघाचे ते घर, त्या विदर्भ संघाची भारतीय क्रिकेटच्या दप्तरी दीर्घकाळ नोंद होती ती केवळ हजेरीपटावर. मध्यप्रांत-वऱ्हाडाचा जुना वारसा सांगत १९५७-५८ साली हा संघ रणजी करंडकाच्या स्पर्धेत उतरला, आणि पुढली साठ वर्षे मातब्बर संघांच्या खाती गुण जमा करण्याचे काम त्याने इमानेइतबारे केले. कर्नल सी. के. नायडू मूळचे नागपूरचे. पण १९२३ साली तुकोजीराव होळकरांच्या निमंत्रणावरून ते इंदूर दरबारी रुजू झाले, आणि पुढे त्यांच्या होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. गुणवत्ता आमची आणि दौलत परमुलखाची, ही वैदर्भीय कैफियत कापसापुरतीच मर्यादित नव्हती.

२०१७-१८ चा हंगाम सुरू होताना मुंबईचे चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. त्यांची शिस्त लष्करी छावणीला शोभावी अशी. संघात मुंबईचा वसीम जाफर आणि कर्नाटकचा गणेश सतीश हे पाहुणे होते, म्हणून उसनवारीच्या यशाची कुजबुज पुढे झालीच. परंतु कर्णधार फैज फजलच्या हंगामातील ९१२ धावा, आदित्य सरवटे आणि अक्षय वखरे यांची फिरकी, आणि स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन वेगवान गोलंदाजीत रमलेला रजनीश गुरबानी, हे सारे घरचेच धन होते, आणि पाहुण्यांनी केले ते त्याला योग्य वेळी हात देण्याचे काम, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपांत्यपूर्व सामन्यात केरळचा ४१२ धावांनी पराभव झाला, त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. खरी परीक्षा झाली ती कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर, कर्नाटकाविरुद्ध. विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत आटोपला आणि करुण नायरच्या १५३ धावांच्या बळावर कर्नाटकाने ३०१ पर्यंत मजल मारली, तेव्हा जुनीच रीत चालणार असे वाटले. पण दुसऱ्या डावात ३१३ धावा जमल्या, त्यांत सतीशच्या, आपल्याच जुन्या संघाविरुद्धच्या, ८१. कर्नाटकाला १९८ धावा हव्या होत्या, आणि चौथ्या दिवसाअखेर त्यांची अवस्था ७ बाद १११ अशी होती. पाचव्या सकाळी विनयकुमार, मिथुन आणि श्रेयस गोपाळ यांनी एकेक धाव अशी चिवटपणे गोळा केली की विजयाचा दस्तऐवज सही-शिक्क्याच्या ऐन वेळी हातचा जाणार असे वाटावे. उरलेले तिन्ही गडी गुरबानीनेच टिपले. डाव १९२ वर संपला, गोपाळ २४ धावांवर नाबाद राहिला, आणि विदर्भ अवघ्या पाच धावांनी जिंकला. गुरबानीचे सामन्यातले बळी बारा.

अंतिम सामना दिल्लीशी, आणि तोही इंदूरला, होळकरांच्याच नावाच्या मैदानावर! तेथे गुरबानीने लागोपाठच्या दोन चेंडूंवर विकास मिश्रा आणि नवदीप सैनी यांचे त्रिफळे उडवले, आणि आपल्या पुढच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर १४५ धावा काढून ठाण मांडून बसलेल्या ध्रुव शोरीचाही. रणजीच्या अंतिम सामन्यातली ही दुसरीच हॅट्‌ट्रिक. पहिली १९७२-७३ सालची, तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची. मग तरुण यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ आणि सरवटेने ७९ धावा केल्या, विदर्भाचा डाव ५४७ वर गेला, आणि १ जानेवारी २०१८ रोजी, एक दिवस शिल्लक ठेवून, नऊ गडी राखून करंडक जिंकला.

पुढच्याच वर्षी जामठ्याला सौराष्ट्राविरुद्ध तो राखला. सरवटेने अकरा बळी घेतले, त्यांत दोन्ही डावांत पुजारा. २०२५ साली त्याच मैदानावर पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीने तिसऱ्यांदा करंडक आला, तेव्हा मात्र मोठी गंमत झाली होती. कर्णधार होता वाडकर. प्रतिस्पर्धी होता केरळ, आणि त्यांच्याकडून पुन्हा नेमक्या ७९ धावा करणारा होता आपला सरवटे. तर विदर्भाकडून ८६ आणि १३५ धावा काढणारा फलंदाज होता ईडनवर आपल्याला घाम फोडणारा करुण नायर.