अक्षतांचा पाऊस आणि एक तबकडी

पातूरच्या एखाद्या लग्नमांडवात तुम्ही उभे आहात अशी कल्पना करा. शेवटचे ‘सावधान’ होते, वाजंत्री वाजू लागतात आणि चहूकडून अक्षता उडतात. कॅमेरा सारे टिपत असतो. पुढे ब्ल्यू-रे तबकडी घरी येते. लावून पाहावी, तर मंगलाष्टकांपर्यंत चित्र कसे लख्ख. पण नेमक्या अक्षता पडताना नवरा-नवरीचे चेहरे चौकोनी ठोकळ्यांचे झालेले! कॅमेरा तर चांगला होता. मग बिघडले कोठे?

थोडे गणित करू. चित्राच्या एका चौकटीत आडवे १९२० व उभे १०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट व सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर दर सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट झाले. एकपदरी तबकडीत मावतात २,५०० कोटी. म्हणजे पुरती पावणेतीन मिनिटेही नाहीत! दोन तासांचे लग्न बसवायचे, तर माहिती सुमारे पंचेचाळीस पट दाबली पाहिजे.

पहिली काटछाट आपल्या डोळ्यांच्या भरवशावर होते. उजेड-अंधारातला फरक डोळ्याला चटकन कळतो, रंगातला तितका नाही. म्हणून चार ठिपक्यांत मिळून रंगाची एकच नोंद ठेवतात. निम्मी माहिती येथेच गळते.

मोठी बचत पुढे आहे. पातूरची लेणी कॅमेरा स्थिर ठेवून टिपली, तर दगड काही हलत नाही; पुढच्या चौकटीत ‘मागच्यासारखेच’ एवढे लिहिले की भागते. वरातीतला घोडा मात्र सरकतो. तेव्हा संगणक चौकटीचे १६ × १६ ठिपक्यांचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकडा आधीच्या चौकटीत कोठे होता ते शोधतो. सापडला, की ‘इतका सरकला’ ही नोंद आणि उरलेला फरक, एवढेच लिहायचे.

हा शोध फार खर्चिक असतो. चहूबाजूंनी १६ ठिपक्यांपर्यंत शोधायचे, तर एका तुकड्यासाठी १,०८९ जागा. प्रत्येक जागी २५६ वजाबाक्या. आणि तुकडे ८,१६०. एका चौकटीला सव्वादोनशे कोटींहून अधिक वजाबाक्या! म्हणून घाई असली की संगणक मोजक्याच जागा तपासतो. २००३ सालच्या एच. २६४ मानकानुसार चित्र दाबणाऱ्या ‘एक्स २६४’ या आज्ञावलीत ‘अल्ट्राफास्ट’पासून मंद होत जाणाऱ्या पायऱ्याच आहेत. सर्वांत मंद पायरीचे नाव ‘प्लॅसिबो’, म्हणजे औषध नसलेली गोळी! वेळ भरपूर खाते, गुण जवळजवळ नाही.

आता अक्षता. शेकडो दाणे, प्रत्येकाची वाट निराळी. मागच्या चौकटीत जोडी सापडत नाही आणि बाइटांची गरज एकदम वाढते. प्रत्येक सेकंदाला सारखेच बाइट वाटले, तर नेमके येथेच ते अपुरे पडतात. यावर उपाय दोन फेऱ्यांचा. पहिल्या फेरीत अवघड जागा हेरायच्या. दुसरीत स्थिर प्रसंगांतून वाचलेले बाइट तिकडे वळवायचे. वेळ मात्र जवळजवळ दुप्पट.

ऐन लगीनसराईत, वीज केव्हा जाईल याचा नेम नसताना, चित्रण करणाऱ्याने घाईची पायरी निवडली तर मी त्याला दोष देणार नाही. पण तबकडी झाली म्हणून मूळ चित्रण पुसून टाकणे मला पटत नाही. गाळलेली माहिती तबकडीतून परत निघत नाही. मूळ असेल, तर सवडीने पुन्हा दाबता येते. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जुन्या चित्रपटांच्या फिती जपल्या, म्हणूनच त्या आज नव्या यंत्रांवर पुन्हा टिपता येतात.

घरात लग्नाची तबकडी असेल, तर अक्षतांच्या क्षणी चित्र थांबवा आणि चौकोनांच्या कडा दिसतात का पाहा. मग त्याच चौकटीत मांडवाच्या खांबाकडे नजर टाका.