पूल : ब्रेक व फाउल

बिल्यर्ड्झच्या वर्गातील पूल या खेळात, डावाच्या प्रारंभी रचलेले चेंडू पांढऱ्या चेंडूने फोडण्याच्या फटक्यास ‘ब्रेक’ म्हणतात. कॅरममध्ये स्ट्रायकरचा सोंगट्यांना नुसता स्पर्श झाला, तरी ब्रेक ग्राह्य ठरतो. पूलच्या ‘एट-बॉल’ प्रकारात तेवढे पुरत नाही. पांढरा चेंडू आरंभरेषेमागून मारल्यावर एक तरी चेंडू पॉकेटमध्ये जावा लागतो किंवा किमान ४ चेंडू कडेच्या रबरी कुशनला लागावे लागतात. ही अट नसती, तर रचना हलकेच चाळवून अवघड डाव प्रतिस्पर्ध्याच्या गळ्यात घालणे सोयीचे झाले असते. १८७५ मध्ये जबलपूरच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांत उगम पावलेल्या स्नूकरमध्ये असा बचावात्मक ब्रेकच रूढ आहे.

अट न पाळलेला ब्रेक अवैध असतो. फाउल त्याहून निराळा. अवैध ब्रेकनंतर प्रतिस्पर्धी आहे त्या स्थितीत खेळतो, अथवा चेंडू पुन्हा रचवून ब्रेक स्वतः करतो वा पहिल्याच खेळाडूस करावयास लावतो. पांढरा चेंडू पॉकेटमध्ये गेला किंवा एखादा चेंडू टेबलाबाहेर उडाला, तर मात्र फाउल होतो व पाळी जाते. ‘नाइन-बॉल’ मध्ये १ क्रमांकाच्या चेंडूस प्रथम स्पर्श न होणे हाही फाउलच. एट-बॉलमध्ये ब्रेकवरच ८ क्रमांकाचा चेंडू पॉकेटमध्ये गेल्यास हौशी खेळाडू डाव जिंकल्याचे मानतात. जागतिक नियमांना ते मान्य नाही. ब्रेक करणारा तो चेंडू पुन्हा टेबलावर ठेवून पुढे खेळतो किंवा नव्याने ब्रेक करतो. त्याच फटक्यात पांढरा चेंडूही पॉकेटमध्ये गेला, तर ही निवड प्रतिस्पर्ध्याकडे जाते.