45 हजार झाडं, पण कोणती?

वर्सोवा ते भाईंदर हा नियोजित किनारी रस्ता मालाडकडून बोगद्यातून येऊन चारकोपला बाहेर पडणार आणि पुढे गोराईकडे जाणार. वाटेत कांदळवन आहे. डिसेंबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकेला या कामासाठी झाडं तोडायची परवानगी दिली, तेव्हा सुमारे 45 हजार हा आकडा सगळ्यांच्या तोंडी झाला. त्यातली कायमची किती जाणार, परत किती लावणार, बदल्यात रोपं कुठे, यावर बरंच बोललं गेलं. त्या 45 हजारांत जाती किती, हे मात्र फारसं कोणी विचारलं नाही.

हा प्रश्न हौशी निसर्गप्रेमींचा वाटेल, पण संवर्धनाच्या विज्ञानात तो पहिला आहे. कुठली वनस्पती कुठे, किती आणि कोणाच्या सोबतीने वाढते याची नोंद आधी व्हावी लागते. त्या नोंदीवरून तिचा क्रम लागतो : हिला आधी वाचवायचं, ती थांबली तरी चालेल. नोंद नसेल तर सगळी झाडं सारखीच, आणि सारखीच असली की बदल्यात कुठलंही झाड चालतं.

चारकोप बहुतेकांना माहीत आहे ते म्हाडाच्या सेक्टरांमुळे. जागतिक बँकेच्या मदतीने 1985 पासून इथे भूखंड आखून घरं बांधली गेली. त्याआधीचं चारकोप म्हणजे गावठाण आणि पश्चिमेला मालाड-मनोरीच्या खाड्यांचा चिखल. या चिखलातल्या झाडांची नोंद मुंबईत बरीच जुनी आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयातले स्विस जेझुइट फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी 1905 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातल्या खारफुटीवर लेख लिहिला. झेवियर्समधला वनस्पतिसंग्रह आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पुढे 1951 मध्ये नवलकर यांनी मुंबई आणि साष्टी बेटांवर कांदळवन टप्प्याटप्प्याने कसं बदलत जातं हे मांडलं, आणि 1956 मध्ये खाऱ्या जमिनीतल्या वनस्पती इथे कुठे कुठे पसरल्या आहेत तेही नोंदवलं. चारकोप, गोराई, मनोरी हा सगळा भाग साष्टीतलाच. म्हणजे तुलना करायला जुनी पानं आपल्याकडे आहेत. अनेक शहरांकडे तेवढंही नसतं.

आता क्रम लावण्याविषयी. जागतिक निसर्ग संवर्धन संघाची, म्हणजे आययूसीएनची, लाल यादी 1964 पासून चालू आहे. तिचे निकष आकड्यांत बांधलेले आहेत. जगात एखाद्या जातीची 50 पेक्षा कमी प्रौढ झाडं उरली असतील तर ती ‘अतिसंकटग्रस्त’, 250 पेक्षा कमी असतील तर ‘संकटग्रस्त’. झाडं मोजणं अशक्य असेल तर व्याप्ती मोजतात : नकाशावर दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरच्या चौकटी आखायच्या आणि जात किती चौकटींत सापडते ते पाहायचं. चौकटीत एक झाड असो वा हजार, हिशोबात चार चौरस किलोमीटरच धरायचे. दोन चौकटी म्हणजे आठ चौरस किलोमीटर. मर्यादा दहाची आहे, त्यामुळे जात एकाच ठिकाणी उरली असेल आणि तिथेही घटत असेल तर ती थेट सर्वांत वरच्या धोक्याच्या पायरीवर जाते.

इथेच मुंबईच्या दृष्टीने गोम आहे. तिवर, कांदळ, पांढरी चिप्पी, गेवा, काजळा, मारांडी, आपल्या खाड्यांतल्या या सगळ्या जाती जागतिक यादीत ‘कमी चिंतेच्या’ वर्गात बसतात. आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियाच्या बाजूपर्यंत त्यातल्या बऱ्याच पसरलेल्या आहेत, तेव्हा जगाच्या दृष्टीने काळजी नाही हे खरंच. 2010 मध्ये जगातल्या सुमारे 70 खारफुटी जातींचा आढावा निघाला, त्यात 11 जाती धोक्यात असल्याचं दिसलं. सुंदरबनातला सुंदरी वृक्ष त्यात आहे, मुंबईचं झाड एकही नाही. कंत्राटदाराच्या अहवालात ही ओळ फार सोयीची पडते.

जगाच्या यादीत स्थानिक दुर्मिळपणा असा लपतो, यावर उपाय अमेरिकेत 1974 सालीच निघाला होता. नेचर कन्झर्व्हन्सी या संस्थेने साउथ कॅरोलिनापासून राज्याराज्यांत निसर्गवारशाच्या नोंदवह्या सुरू केल्या. त्यांत प्रत्येक जातीला दोन गुण मिळतात : एक जगासाठी, एक राज्यासाठी. पहिली पायरी अतिदुर्मिळाची, पाचवी मुबलकाची. जगात पाचव्या पायरीवर असलेलं झाड एखाद्या राज्यात पहिल्या पायरीवर असू शकतं. आययूसीएननेही प्रादेशिक मूल्यमापनासाठी वेगळी पद्धत ठरवली आहे. आपल्याला जगाचा गुण पाठ आहे, महाराष्ट्राचा विचारायची सवय नाही.

शिवाय एकेक जात धरून कांदळवन कळतच नाही. भरतीच्या पाण्याकडे, मऊ चिखलात, चिप्पी आणि तिवर उभी असतात. आत सरकलं की कांदळ, काजळा. जमिनीच्या कडेला, जिथे पावसाचं गोडं पाणी उतरतं, तिथे गेवा, मारांडी, मिरजोळी. हा क्रम भरतीची उंची, खारटपणा आणि चिखलाचा पोत ठरवतो. मुंबईत तिवराचं राज्य आहे, कारण ते विलक्षण चिवट : खारटपणा सोसतं, सांडपाणी सोसतं, पानांवाटे मीठ बाहेर टाकतं. राडारोड्याच्या ढिगाला मात्र ते हरतं, कारण श्वासमुळं गाडली गेली की झाड गुदमरतं. भराव नेहमी जमिनीच्या बाजूने येतो, खाडीकडून नव्हे. म्हणून आधी मरते ती काठाची पट्टी, आणि गेवा-मिरजोळीसारख्या जाती नेमक्या तिथेच असतात. मधे तिवराचा गर्द हिरवा पट्टा शाबूत राहतो. उपग्रहाला तो हिरवाच दिसतो.

उपग्रहावरून आठवलं. भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2013 च्या अहवालात राज्यातलं कांदळवन 186 चौरस किलोमीटर होतं, 2021 च्या अहवालात 324. या वाढीत संरक्षणाचा वाटा आहेच. उच्च न्यायालयाचा 2005 चा तोडबंदीचा आदेश आणि 2012 मध्ये उभा राहिलेला वनविभागाचा कांदळवन कक्ष, दोघांचंही श्रेय मान्य करायला हवं. काही वाढ अधिक बारकाईच्या नकाशांमुळेही दिसते. मात्र हेक्टरांचा आकडा दाट आणि विरळ एवढंच सांगतो. हेक्टर वाढत असताना जाती कमी होऊ शकतात.

म्हणून आता वनस्पतींच्या समुदायांचाही क्रम लावतात. आययूसीएनने परिसंस्थांची स्वतंत्र लाल यादी 2014 मध्ये स्वीकारली. तिची शेवटची पायरी ‘कोसळलेली’ अशी आहे. मे 2024 मध्ये जगभरच्या कांदळवनांचे 36 विभाग करून निकाल जाहीर झाला : निम्मे विभाग कोसळण्याच्या धोक्यात. दक्षिण भारताचा विभाग अतिसंकटग्रस्त ठरला. आपला पश्चिम किनारा मात्र पाकिस्तानसह एकाच विभागात मोजला गेला आणि पुन्हा ‘कमी चिंतेचा’ निघाला. सिंधूच्या मुखापासून कोकणापर्यंतची सरासरी चारकोपच्या एका खाडीबद्दल काय सांगणार?

लहान तुकड्याला मोठा मान देणं अवघड आहे असंही नाही. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथे रानजायफळाची दलदल आहे, जेमतेम 2.59 हेक्टर. जायफळाच्याच कुळातली, गुडघ्यासारखी मुळं चिखलाबाहेर काढणारी झाडं तिथे टिकून आहेत, आणि गावाने ती देवराई म्हणून राखली. राज्य सरकारने तिला जैवविविधता वारसास्थळ जाहीर केलं. तिथे मोल हेक्टरांवरून ठरलं नाही, त्या समुदायाच्या दुर्मिळपणावरून ठरलं.

हेच मुंबईत करायला कायदा आड येत नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेवर समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही करण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि मुंबई महापालिकाही त्यात आली. त्या नोंदवहीत चारकोप-गोराईची पानं जातवार, पट्टावार लिहिली जायला हवीत : दहा मीटर बाय दहा मीटरचे चौरस, प्रत्येकात कुठल्या जातीची किती झाडं, रोपटी किती, पाणी किती खारट. भरपाईची लागवड त्यावरून ठरावी. रोपवाटिकेत सहज मिळणारं तिवर आणि कांदळ तिप्पट लावून गेव्याची भरपाई होत नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्र सरकारने देशाच्या स्वतःच्या लाल यादीचं काम जाहीर केलं. सुमारे 11 हजार जाती तपासायच्या आहेत, त्यांतल्या सुमारे सात हजार वनस्पती, आणि मुदत 2030 ची. तेव्हा खाडीकाठी फिरायला जाणाऱ्या चारकोपकरांना एक विनंती. झाडाचा नुसता दुरून फोटो काढू नका. पानाची वरची आणि खालची बाजू, फूल किंवा फळ, चिखलातली मुळं, असे वेगवेगळे फोटो घ्या. तारीख आणि नेमकी जागा लिहा. फांदी तोडू नका, गेव्याचा चीक तर डोळ्यांना घातक आहे. आणि हे सगळं फोनमध्ये न ठेवता महापालिकेच्या जैवविविधता समितीकडे आणि कांदळवन कक्षाकडे पाठवा, रस्त्याचे खांब उभे राहण्याआधी.