यंत्रं आली, शिक्षक मागे राहिला

इयत्ता तिसरीपासून कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवणार, असं केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर केलं. 2026-27 चा मुहूर्तही ठरला. इकडे आमच्या शहरातल्या उस्मानपुरा भागात एका शाळेने काळे फळे उतरवून वर्गावर्गांत टचस्क्रीनचे मोठे पॅनेल बसवले. फळे भंगारात गेले. ते मनाला फार लागलं. या भागात वर्गातलं एकेक यंत्र येताना आणि अडगळीत जाताना मी पाहिलं आहे. दर वेळी चूक एकच झाली: पैसा यंत्रावर खर्च झाला आणि शिक्षकाची तयारी राहून गेली.

स्टेशन रोडवरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि देवगिरी महाविद्यालय, दोन्ही 1960 सालची. शासकीय तंत्रनिकेतनही जवळच. त्यामुळे उस्मानपुरा पहिल्यापासून विद्यार्थ्यांचा. सुरुवातीची तीन दशकं खडू, डस्टर आणि लॉग टेबलवर निघाली. 1984 मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. मराठी मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम करणारी ही सरकारी संस्था 2017 मध्ये बंद पडली. घरोघरी स्क्रीन पोचली, नेमकी तेव्हाच आपण ही संस्था गमावली. याची हळहळ आजही वाटते.

खरी उलथापालथ झाली ती नव्वदच्या दशकात. मी तेव्हा याच भागात अभियांत्रिकी ड्रॉइंग शिकवत होतो. सायकलवर शीटचा लांब डबा आणि पाठीला ड्राफ्टर अडकवलेली पोरं सकाळपासून दिसायची. वर्गात लाकडी ठोकळा हातात धरून मी फळ्यावर आधी एलेव्हेशन, म्हणजे समोरचं दृश्य, काढायचो, मग त्याखाली प्लॅन, म्हणजे वरून दिसणारं. समोरून न दिसणारी कड तुटक रेषेने दाखवायची असते. ती कुठून आली, असं कुणी विचारलं की ठोकळा फिरवायचा, रेषा पुसायची, पुन्हा काढायची. दुसऱ्यांदा काढताना मागच्या बाकावरच्याच्या चेहऱ्यावर उजेड पडायचा. माझा हात चालायचा त्याच वेगाने मुलांची पेन्सिल चालायची. शिकवण्याचा वेग त्या हाताने ठरायचा.

सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, चाले. काचेखाली दिवा, काचेवर मित्राची शीट आणि तिच्यावर आपली कोरी. ही नक्कलच, आणि पकडली की मी शीट परत करायचो. पण तिच्यातही प्रत्येक रेषेवरून हात एकदा फिरायचा.

मग ओव्हरहेड प्रोजेक्टर आला. काही सहकाऱ्यांनी एकदा ट्रान्सपरन्सी लिहिल्या आणि पिवळ्या पडेपर्यंत त्याच दाखवल्या. पाठोपाठ संगणक आले. मी ज्या संस्थेत होतो तिथल्या खरेदीच्या बैठकीत दर, वॉरंटी, एसी यांवर तासन् तास चर्चा झाली. संगणकावर ड्रॉइंग काढायचं ऑटोकॅड शिकवणार कोण, हा माझा प्रश्न इतिवृत्तातसुद्धा आला नाही. लॅबमध्ये चपला बाहेर काढून जायचं, मॉनिटरवर कापडी खोळ आणि दाराला कुलूप. मुलांकडून संगणक शुल्क मात्र नियमित घेतलं जाई. लॅब उघडली तेव्हा फायलीची कॉपी करून फक्त नाव बदलणं सुरू झालं. जीटीत निदान हात झिजत होता, इथे तोही सुटला. ऑटोकॅड उत्तम साधन आहे. ठोकळा मनात फिरवता येणाऱ्याच्या हाती ते सोनं ठरतं. आम्ही ते ठोकळ्याच्या आधीच मुलांच्या हाती दिलं.

पुढची वर्षं पॉवरपॉइंट, स्मार्ट बोर्ड, डिजिटल शाळा अशी भराभर गेली. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि एका घरातली तीन भावंडं एका मोबाइलवर आली. त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी ग्लोबल टीचर प्राइजचे मानकरी ठरले. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याची त्यांची कल्पना जिल्हा परिषदेच्या वर्गात जन्मली, कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये नव्हे. म्हणून ती टिकली.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता येते आहे. साठ मुलांच्या वर्गात कोण कुठे अडलं हे ती शिक्षकाला सांगू शकेल, मुलाला त्याच्या बोलीत समजावू शकेल. हे झालं तर मी दोन्ही हातांनी स्वागत करीन. पण प्रश्न पुरता समजण्याआधीच उत्तर मिळू लागलं, तर नाव बदललेल्या त्या फायलीच पुन्हा घराघरांत दिसतील.

पालकहो, पुढच्या पालकसभेत पॅनेलची किंमत विचारू नका. शिक्षकांना त्याचं प्रशिक्षण किती दिवस दिलं आणि तासाला माझं मूल स्वतःच्या हाताने काय करतं, एवढं विचारा. उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.