सुवर्णमूर्ति टाकून देणारी नटी

एखाद्या कलावंतास मोठें पारितोषिक मिळालें कीं त्याचें जीवन कृतार्थ झालें, असें आपण सहजच समजून चालतों. मियोशी उमेकी या जपानी-अमेरिकन नटीचें चरित्र पाहिलें म्हणजे मात्र या समजुतीचा फेरविचार करावासा वाटतो.

मियोशीचा जन्म १९२९ सालीं जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर ओतारू गांवीं झाला. नऊ भावंडांत ती सर्वांत धाकटी. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानांत अमेरिकन सैन्याचा तळ पडला, त्या काळांत या मुलीस अमेरिकन जॅझ संगीताची गोडी लागली. ‘नॅन्सी उमेकी’ या नांवानें ती गाऊं लागली, तिच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि १९५५ सालीं ती अमेरिकेस गेली. तेथें आर्थर गॉडफ्रे यांच्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमांत गात असतां दिग्दर्शक जोशुआ लोगन यांची दृष्टि तिच्यावर पडली.

लोगन यांच्या ‘सायोनारा’ (१९५७) या चित्रपटांत ती एका अमेरिकन शिपायाची जपानी पत्नी झाली. पतीला मायदेशीं परतण्याचा हुकूम येतो, पत्नीला बरोबर नेण्याची मात्र मुभा नाहीं. तेव्हां ताटातूट पत्करण्याऐवजीं दोघेंही एकत्र मृत्यूला कवटाळतात. या भूमिकेबद्दल १९५८ सालीं तिला साहाय्यक अभिनेत्रीचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. अभिनयासाठीं हा मान मिळविणारी ती पहिली पूर्व आशियाई नटी होय. तिच्यानंतर साहाय्यक अभिनेत्रीचा हाच मान दुसऱ्या पूर्व आशियाई नटीकडे जावयास २०२१ साल उजाडावें लागलें. ती नटी म्हणजे दक्षिण कोरियाची युन यो-जंग.

एवढा गौरव झाला, तरी तिच्या वाट्याला येणाऱ्या भूमिकांचा सांचा फारसा बदलला नाहीं. ‘फ्लॉवर ड्रम साँग’ या संगीत नाटकांत व पुढें १९६१ च्या चित्रपटांत तिनें लाजरी चिनी वधू रंगविली. ‘द कोर्टशिप ऑफ एडीज फादर’ या १९६९ ते १९७२ पर्यंत चाललेल्या दूरचित्रवाणी-मालिकेंत एका विधुराचें व त्याच्या लहानग्या मुलाचें घर सांभाळणारी मिसेस लिव्हिंग्स्टन ती झाली. या भूमिकेंतलें मोडकें इंग्रजी तिला आवडत नसे. परंतु मोबदला घेऊन पत्करलेलें काम मन लावून करावें, असा तिचा बाणा होता, असें तिच्या मुलानें पुढें सांगितलें.

मालिका संपतांच, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, तिनें अभिनयाचा निरोप घेतला. चित्रपट-संकलनाचीं यंत्रें भाड्यानें देण्याच्या धंद्यांत तिनें पतीला साथ दिली. १९७६ सालीं पति वारला. पुढें केव्हां तरी तिनें त्या सुवर्णमूर्तीवर कोरलेलें आपलें नांव खरवडून काढलें आणि मूर्ति टाकून दिली! कारण तिनें उघड केलें नाहीं. आपण कोण आहोंत व आपण काय केलें, हें आपल्याला ठाऊक आहे, एवढेंच ती मुलाजवळ बोलली.

२००७ सालीं मिसुरी राज्यांतील लिकिंग या लहानशा गांवीं ती निवर्तली. तिच्या या कृत्याला कोणी विषाद म्हणेल, कोणी वैराग्य. आम्हांस त्यांत स्वाभिमान दिसतो. पडद्यावर जिला नेहमीं हळू आवाजांत बोलावें लागलें, तिनें आपल्या कर्तृत्वाची साक्ष मात्र दुसऱ्या कोणाकडे ठेविली नाहीं.