मालमत्तेचा हक्क आणि सामाजिक करार

मालमत्तेचा हक्क आणि शासनाचा अधिकार यांतील संबंध हा सामाजिक करार सिद्धान्तातील एक मध्यवर्ती प्रश्न आहे. शासनसंस्था लोकांच्या परस्पर करारातून निर्माण झाली, असे हा सिद्धान्त मानतो. मात्र करारापूर्वीच माणसाकडे मालमत्ता होती की करारामुळेच ती अस्तित्वात आली, याविषयी थॉमस हॉब्ज (१५८८–१६७९), जॉन लॉक (१६३२–१७०४) आणि जाँ-जाक रूसो (१७१२–१७७८) यांची उत्तरे भिन्न आहेत. कर आकारण्याचा किंवा जमीन ताब्यात घेण्याचा शासनाचा अधिकार कोठवर चालतो, हे या उत्तरावर अवलंबून असते.

हॉब्ज

इंग्लंडमधील यादवी युद्धाच्या पार्श्वभूमीवर लिहिलेल्या ‘लेव्हायथन’ (१६५१) या ग्रंथात हॉब्जने असे प्रतिपादन केले, की निसर्गावस्थेत ‘माझे’ व ‘तुझे’ हा भेदच नसतो. जे हाती येईल ते राखता येईल तोवरच आपले असते. मालमत्ता सार्वभौम सत्तेच्या कायद्यातून निर्माण होते. त्यामुळे प्रजाजनाचा हक्क इतर प्रजाजनांविरुद्ध चालतो, सार्वभौमाविरुद्ध चालत नाही.

लॉक

लॉकच्या मते पृथ्वी सर्व मानवांना सामायिक मिळालेली असली, तरी प्रत्येक जण आपल्या देहाचा व श्रमाचा धनी असतो. रानातील फळे जो वेचतो, त्याचे श्रम त्यांत मिसळतात आणि ती त्याची होतात. त्यासाठी सर्वांची संमती आवश्यक असती, तर माणूस उपाशीच मेला असता. या हक्काला दोन मर्यादा आहेत : इतरांसाठी पुरेसे व तितकेच चांगले शिल्लक राहिले पाहिजे आणि घेतलेले नासून वाया जाता कामा नये. न नासणारा पैसा सर्वसंमतीने चलनात आल्यावर मोठा संचय व विषमता शक्य झाली.

लॉक ‘मालमत्ता’ या शब्दात अनेकदा जीवित, स्वातंत्र्य आणि वित्त या तिन्हींचा समावेश करतो. त्यांच्या रक्षणासाठीच लोक शासन स्थापन करतात. म्हणून शासन हे विश्वस्त ठरते. सेनाधिकारी सैनिकाला तोफेच्या तोंडी जाण्याची आज्ञा देऊ शकतो, परंतु त्याच्या खिशातील एक पेनीही घेऊ शकत नाही, असे उदाहरण तो देतो. करासाठी संमती आवश्यक आहे. पण ही संमती म्हणजे बहुमताची किंवा प्रतिनिधींची संमती होय. त्यामुळे विरोधी मत असलेल्या व्यक्तीचा हक्क कितपत सुरक्षित राहतो, हा प्रश्न शिल्लक राहतो.

रूसो

विषमतेवरील प्रबंधात (१७५५) रूसोने शासनाच्या स्थापनेचे चित्र श्रीमंतांनी आपल्या मालमत्तेच्या रक्षणासाठी गरिबांच्या गळी उतरवलेला करार असे रेखाटले. ‘सामाजिक करार’ (१७६२) या ग्रंथात मात्र त्याने न्याय्य कराराचे स्वरूप मांडले. अशा करारामुळे केवळ ताब्याचे रूपांतर हक्कात होते; तथापि व्यक्तीचा हक्क समुदायाच्या हक्कापेक्षा दुय्यम राहतो.

आक्षेप

डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये मूळ कराराची कल्पनाच नाकारली. बहुतेक राज्ये आक्रमणातून वा सत्ता बळकावून उभी राहिली, असे त्याने दाखवले. नोकराच्या श्रमाचे फळ मालकाचे ठरते, हे लॉकने गृहीत धरले आहे. त्याच्या सिद्धान्तात पडीक जमीन कसणाऱ्याला अग्रक्रम असल्यामुळे अमेरिकेतील मूळनिवासींच्या जमिनी बळकावण्यास समर्थन मिळाले, अशीही टीका होते. लॉक कॅरोलिना वसाहतीच्या मालकांचा सचिव होता, हे येथे महत्त्वाचे आहे.

प्रभाव

फ्रान्सच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात (१७८९) मालमत्तेचा हक्क अनुल्लंघनीय व पवित्र ठरवण्यात आला. मात्र सार्वजनिक गरज असल्यास आगाऊ व न्याय्य भरपाई देऊन ती घेण्याची मुभा ठेवण्यात आली. भारतीय संविधानात हा आरंभी मूलभूत हक्क होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो त्या यादीतून वगळला गेला. अनुच्छेद ३००-अ नुसार आता कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणालाही मालमत्तेपासून वंचित करता येत नाही.